पूल कोठें संपतो ?



भूगोलाच्या तासाला मी मुलांना एक प्रश्न हमखास विचारीत असें : नदीवर पूल कशाकरितां बांधतात ? उत्तर ठरलेलें असे. सारा वर्ग एका सुरांत म्हणे, "पलीकडे जाण्याकरितां." मी मान डोलवीत असें आणि पुढच्या प्रश्नाकडे वळत असें. अडतीस वर्षें मीं हें उत्तर बरोबर धरलें. मी कांहीं मोठा विद्वान नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक झाल्यावर अध्यापनाची पदविका घेतली आणि पुण्याच्या एका शाळेंत सातवीपर्यंतच्या वर्गांना शिकवीत राहिलों. त्यामुळें पुस्तकांत छापलेलें उत्तर अपुरें असूं शकेल, अशी शंका घेण्याची मला संवय नव्हती. ती शंका मला प्रथम आली ती कोपनहेगन शहरांत, एका जिन्याच्या पायथ्याशीं.

माझी मुलगी व जांवई नोकरीनिमित्त डेन्मार्कच्या या राजधानींत राहतात. २००९ सालच्या उन्हाळी सुटींत मी व सौभाग्यवती तिकडे प्रथम गेलों. कोपनहेगन हें शहर दोन बेटांवर पसरलेलें आहे आणि दोहोंच्या मधून समुद्राची एक लांब पट्टी बंदर म्हणून आंत शिरलेली आहे. तिचें पाणी आतां इतकें स्वच्छ ठेवलेलें आहे कीं, उन्हाळ्यांत लोक भर शहरांत त्यांत पोहतात. मुलीचें बिऱ्हाड या पाण्याच्या पूर्व कांठीं, इस्लांड्स ब्रुगे नांवाच्या वस्तींत. कचेरी पश्चिमेकडे, वेस्टरब्रो भागांत. घराच्या गच्चीवरून तिनें मला बोट दाखवून सांगितलें, "बाबा, तीं तिकडे उंच घरें दिसतात ना, त्यांच्या पलीकडे माझें ऑफिस." मला वाटलें, हाकेच्या अंतरावर आहे. पण हाक पाण्यावरून जाते, माणूस जात नाहीं.

शहराच्या मध्यभागांत बंदर ओलांडण्यास क्निपल्सब्रो व लांगेब्रो असे दोन मोठे पूल आहेत. दोन्ही पूल मोटारी, बसगाड्या, सायकली व पादचारी अशा सर्वांचे आहेत. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षें बंदरावर नवा पूल झाला नव्हता. मग २००६ सालीं दक्षिणेच्या बाजूस एक नवा पूल खुला झाला. त्याचें नांव ब्रुगेब्रो. आमच्या मुलीच्या घरापासून तो अगदीं जवळ. या पुलावरून मोटार जात नाहीं. मोटारच काय, स्कूटरहि जात नाहीं. पायीं चालणारा माणूस आणि सायकलस्वार या दोघांसाठींच तो बांधलेला आहे.

हा पूल मीं पहिल्याच सकाळीं पाहिला. लांबी सुमारे एकशें नव्वद मीटर, रुंदी साडेपांच मीटर. भारी शोभिवंत असें त्यांत कांहीं नाहीं. परंतु त्याच्या रचनेंत एक शहाणपण आहे. पुलाचा सगळा भार तोलणारी पोलादी तुळई मध्यभागीं, पण वर उचलून बसविलेली आहे. तिच्या एका अंगास सायकली जातात व दुसऱ्या अंगास माणसें. म्हणजे जो पुलाचा कणा तोच दोघांमधील कठडा. कोणी कोणाच्या पायांत येत नाहीं. मधला भाग फिरवून जहाजास वाट करून देतां येते. तुळईवर हात टेकून मी अर्धा तास उभा होतों. कचेरींत जाणारे पुरुष व स्त्रिया, पाठीवर दप्तर घेतलेलीं मुलें, पुढें लांकडी पेटी जोडलेल्या तीनचाकी सायकलींत दोन दोन लेंकरें बसवून निघालेल्या आया, माझ्याहून वृद्ध अशा दोन बाया, असे किती तरी लोक माझ्या समोरून गेले. कोणाच्याहि चेहऱ्यावर आपण कांहीं विशेष करीत आहों असा भाव नव्हता. आपल्याकडे सायकलीवरून कचेरींत जाणाऱ्या मोठ्या साहेबाचें छायाचित्र वर्तमानपत्रांत येतें. तेथें तसें छापावयाचें म्हटलें तर वर्तमानपत्राचा कागद पुरणार नाहीं.

"झालें काम !" मीं मुलीला म्हटलें. ती हंसली. "या माझ्याबरोबर," म्हणाली.

पूल ओलांडून आम्ही पश्चिम कांठावर आलों. तेथून पुढें वाट धक्क्याच्या कडेनें जाते. एका बाजूस पाणी आणि दुसऱ्या बाजूस फिस्केटॉर्वेट नांवाचा एक प्रचंड बाजार. नांवाचा अर्थ मासळीबाजार, पण तो जुन्या मासळीबाजाराच्या जागेची आठवण तेवढी. आंत कपडे आणि जोडे. धक्क्यावर खरेदीला आलेल्या लोकांची गर्दी आणि त्या गर्दींतून घंटा वाजवीत, पाय टेकीत, "माफ करा, माफ करा" म्हणत निघालेले सायकलस्वार. नव्या पुलावर ज्यांना कठड्यानें वेगळें केलें तेच पूल संपतांच पुन्हां एकमेकांच्या अंगावर. आणि त्या अरुंद वाटेच्या शेवटीं तो जिना.

वेस्टरब्रोकडे जाणारा रस्ता वरच्या पातळीवर आहे, कारण तो पुढें रेल्वेच्या रुळांवरून जातो. धक्का खालच्या पातळीवर. मध्यें पायऱ्या. मुलगी खालीं उतरली, सायकलीची दांडी धरली आणि ती उचलून, ढकलून वर नेऊं लागली. मी धांवत जाऊन मागचें चाक धरलें. वर पोंचल्यावर ती म्हणाली, "रोजचेंच आहे, बाबा. येतांना उतरावयाचें एवढेंच बरें." त्या वेळीं ती धडधाकट होती. पुढच्याच वर्षीं आमच्या नातवाचा जन्म झाला आणि मग मुलाला पुढच्या पेटींत बसवून तीनचाकी सायकल त्या पायऱ्यांवरून नेणें कल्पनेंतहि शक्य नव्हतें. नवा पूल दारांत असून ती मोठा वळसा घेऊन जुन्या लांगेब्रोवरून जाऊं लागली. तिनें टेलिफोनवर हें सांगितलें तेव्हां मला राग आला. इतका पैसा, इतकी बुद्धि खर्चून पाण्यावरचे एकशें नव्वद मीटर जोडले आणि वीसपंचवीस पायऱ्यांपाशीं सगळें अडलें ! पण राग कोणावर धरावयाचा ? ज्यानें पूल आंखला त्याला पुलाचें काम मिळालें होतें, आणि पूल तर उत्तम झाला होता. जिना पूर्वीपासून तेथें होता. दोघेहि आपापल्या जागीं निर्दोष. मधला माणूस तेवढा सायकल उचलीत होता.

हें तिकडेच होतें असें कोणी समजूं नये. मुंबईंत २००८ सालापासून रेल्वेच्या स्थानकांना जोडणारे उंच पादचारी मार्ग उभे राहिले. ‘स्कायवॉक’ हें त्यांचें नांव आतां सर्वांस परिचित आहे. त्यांतील कांहीं गजबजलेले असतात आणि कांहींवर मात्र भर दुपारीं चिटपाखरूं दिसत नाहीं. खालचा धुरळा, हातगाड्या व मोटारी यांच्या गर्दींतून जाणें लोक पत्करतात. त्यांना दोष देणारे लेख मीं वाचले आहेत. दिवसभर उभें राहून काम केलेल्या बाईनें हातांत भाजीची पिशवी घेऊन दोन मजले चढावे आणि पुन्हां दोन मजले उतरावे अशी अपेक्षा करणारा लेखक बहुधा खुर्चीवर बसून लिहीत असावा.

कोपनहेगनच्या त्या जिन्याचें उत्तर निघावयास आठ वर्षें लागलीं. २०१४ च्या जून महिन्यांत फिस्केटॉर्वेटच्या बाजूच्या पाण्यावरून एक नवा उंच मार्ग खुला झाला. त्याचें एक टोंक वरच्या रस्त्याला आणि दुसरें टोंक ब्रुगेब्रोच्या तोंडाशीं. हा मार्ग फक्त सायकलींचा. लांबी सुमारे सव्वादोनशें मीटर, रुंदी चार मीटर, आणि चाकाखालचा पृष्ठभाग नारिंगी रंगाचा. पाण्यांत रोंवलेल्या खांबांवर तो दोन मोठीं वळणें घेत जातो. डॅनिश भाषेंत त्याला ‘स्यूकल-स्लांगे’ म्हणतात. ‘स्लांगे’ म्हणजे साप; म्हणून परदेशी पाहुणे त्याला सायकलींचा साप म्हणून ओळखतात. परंतु ‘स्लांगे’ म्हणजे नळीहि. आणि सायकलीच्या चाकांत जी रबरी ट्यूब असते तिला तिकडचा प्रत्येक पोरगा ‘स्यूकल-स्लांगे’च म्हणतो. नातवानें हें मला समजावून सांगितलें तेव्हां एका श्लेषाचा आनंद मला फुकट मिळाला.

सेवानिवृत्तीनंतर २०१८ सालीं आम्ही दुसऱ्यांदां गेलों तेव्हां हा मार्ग मीं पाहिला. पाहिला म्हणण्यापेक्षां चाललों असें म्हणतां आलें असतें तर बरें. पण त्यावर पायीं जाण्यास मनाई! पादचाऱ्यांनीं खालच्या धक्क्यानें व जिन्यानें जावयाचें. प्रथम मला हा अन्याय वाटला. दोन दिवस खालून ये-जा केल्यावर मत बदललें. धक्क्यावर आतां घंटा वाजत नव्हत्या. म्हातारीं माणसें पाण्याकडे तोंड करून उभीं होतीं, लहान मुलें मोकळीं धांवत होतीं. वरच्या मार्गानें सायकलस्वाराची सोय झाली हें सर्व लिहितात. त्यानें चालणाराला त्याचा धक्का परत मिळाला, हें त्याहून मला मोठें वाटतें.

आतां त्यांत युक्ति कोणती, तें सांगतों. युक्ति आपल्या शाळेच्या पुस्तकांतलीच आहे. जिना आणि उतरण, दोन्हींनीं तीच उंची चढतां येते. समजा, पांच मीटर उंच जावयाचें आहे. जिन्यानें गेलें तर तें अंतर थोड्या पावलांत संपतें. मात्र प्रत्येक पावलास सायकलीचें ओझें हातावर येतें. तीच पांच मीटर उंची दोनशें मीटर लांबींत वांटून दिली तर चाळीस मीटरला एक मीटर असा चढ पडतो, आणि तो पायडल मारणाराच्या ध्यानांतहि येत नाहीं. श्रम नाहींसे होत नाहींत. ते वांटले जातात. जागा मात्र लागते. धक्क्यावर ती जागा नव्हती, म्हणून त्यांनीं ती पाण्यावर घेतली. वळणें शोभेसाठीं नाहींत असें माझें म्हणणें नाहीं. पण सरळ रेघेंत इतकी लांबी तेथें मावली नसती.

आमचा नातू त्या वेळीं आठ वर्षांचा होता. तो मला म्हणाला, "आजोबा, तुम्ही खालून कां येतां ? सायकल घ्या ना." मी वीस वर्षें सायकलीवर बसलों नव्हतों. एके काळीं आमचें पुणें सायकलींचें शहर म्हणून प्रसिद्ध होतें आणि माझी अर्धी नोकरी सायकलीवर झाली. परंतु १९९८ सालीं एका पुलाच्या तोंडाशीं, जेथें चार रस्ते पुलावर चढण्यासाठीं एकमेकांस रेटीत असत, तेथें एका मालमोटारीनें मला घासून टाकलें. हाड मोडलें नाहीं; धीर मोडला. सौभाग्यवतींनीं त्याच आठवड्यांत सायकल विकून टाकली. तिकडे मुलीची सायकल घेऊन प्रथम मीं गल्लींत दोन फेऱ्या घातल्या. मग नातू पुढें आणि मी मागें असे आम्ही ब्रुगेब्रोवर चढलों, पाणी ओलांडलें, आणि पूल संपला असें मला वाटलें तेथून तो नारिंगी मार्ग सुरू झाला. पाय टेकावा लागला नाहीं. मी वरच्या रस्त्याला लागलों तेव्हां मला कोणी तरी जिना दाखवावयाचा विसरून गेलें कीं काय, असें क्षणभर वाटलें. परत येतांना उताराला वारा कानांत भरला. साठ वर्षांच्या माणसानें ओरडूं नये, पण मी ओरडलों.

या लोकांच्या रक्तांतच सायकल आहे असें आपण म्हणतों व सुटका करून घेतों. तें खरें नाहीं. १९६० नंतरच्या काळांत तेथेंहि मोटारी वाढल्या, सायकली झपाट्यानें कमी झाल्या आणि रस्ते मोटारींना मोकळे करून देण्यांत आले. १९७३ सालीं तेलाची टंचाई आली. त्या हिवाळ्यांत रविवारीं खासगी मोटारी चालविण्यास सरकारनें मनाई केली. पुढें दहा वर्षें हजारों नागरिक सायकली घेऊन नगरभवनासमोर जमत राहिले आणि वेगळ्या सायकल-मार्गांची मागणी करीत राहिले. म्हणजे जें आपल्या हातून गेलें तें त्यांच्याहि हातून जावयास लागलें होतें. त्यांनीं तें हट्टानें परत मागून घेतलें, आणि अजून घेतच आहेत. २०१६ सालीं न्यूहाउनपाशीं बंदरावर असाच आणखी एक पूल झाला. तोहि ठरल्या वेळेपेक्षां तीन वर्षें उशीरां, हें सांगितलेंच पाहिजे. विलंब ही कांहीं आपलीच मिरासदारी नव्हे. २०१९ मध्यें लांगेब्रोच्या शेजारीं त्याचें धाकटें भावंड उभें राहिलें. तें मीं अद्याप पाहिलेलें नाहीं.

आतां एक गोष्ट सांगावयाची राहिली. ती सांगावी कीं नाहीं, याचा मीं बराच विचार केला.

१९९१ सालीं माझ्या सहावीच्या वर्गांत एक मुलगी होती. तिचें घर मुठेच्या पलीकडे, शाळा अलीकडे. नदीच्या पात्रांतून एक बुटकी फरशी होती. तीवरून ती चालत येई. हुशार म्हणण्यासारखी नव्हती, पण अक्षर मोत्यासारखें आणि नकाशे उत्तम काढी. जून गेला, जुलै लागला, आणि ती उशीरां येऊं लागली. प्रार्थना होऊन हजेरी संपली कीं ही दारांत उभी, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानें भरलेले. मी शिस्तीचा माणूस म्हणून नांवाजलेला. पहिल्या दिवशीं बोललों. दुसऱ्या दिवशीं दाराबाहेर उभी केली. तिसऱ्या दिवशीं सर्व वर्गासमोर विचारलें, "तुझें घर तर येथून दिसतें, तुला उशीर कसा होतो?" ती कांहीं बोलली नाहीं. मुलें हंसलीं. हजेरीपटावर मीं तिच्या नांवापुढें तांबड्या शाईनें उशीराची खूण केली. अशा अकरा खुणा झाल्या. श्रावणांत तिचें येणें बंद पडलें. तिच्या वडिलांनीं दाखला नेला तेव्हां मीं सहज विचारलें. ते म्हणाले, "मास्तर, धरणांतून पाणी सोडलें कीं फरशी बुडते. मग मोठ्या पुलावरून यावें लागतें. तेथें मोटारींची गर्दी; लहान पोर, एकटी. तिच्या आईचा जीव थाऱ्यावर राहत नाहीं. आतां घरींच असूं दे." मीं दाखल्यावर सही केली.

तिला मीं ज्या वर्षीं वर्गाबाहेर उभी केली त्याच वर्षीं ‘नदीवर पूल कशाकरितां बांधतात’ हा प्रश्न परीक्षेंतहि घातला होता, असें मला चांगलें आठवतें. तिनें तो सोडविला नाहीं, कारण परीक्षेस ती नव्हतीच.

नारिंगी मार्गावरून उतरतांना मला ही मुलगी आठवली असें मी म्हणणार नाहीं. तेव्हां मी ओरडत होतों. ती आठवली रात्रीं, नातू दुसऱ्या दिवशींचें दप्तर भरीत असतांना. त्याची शाळा पाण्यापलीकडे आहे. आठ वर्षांचें पोर सकाळीं सायकलीवर बसून मित्रांबरोबर निघून जातें आणि त्याची आई चहाचा पेला हातांत घेऊन खिडकीपाशीं उभीसुद्धां राहत नाहीं. मीं तिला विचारलें, "तुला काळजी नाहीं वाटत ?" ती म्हणाली, "कशाची ?"

पुण्याला परत आल्यावर एका सकाळीं मी त्या जुन्या फरशीवर गेलों. मुलीचें घर जेथें होतें तेथें आतां मोठी इमारत आहे. तेथून शाळेच्या फाटकापर्यंत मी फरशीवरून चाललों आणि पावलें मोजलीं. अकराशें चाळीस भरलीं. मग पुन्हां मागें गेलों आणि मोठ्या पुलानें तेंच अंतर चाललों. तीन हजार सहाशें झालीं. त्यांत रस्ता ओलांडण्यासाठीं तीन ठिकाणीं थांबावें लागलें तें वेगळें. सगळें मिळून दीड तासांत मोजून झालें. त्या वर्षीं जुलै महिन्यांत रविवार चार होते.